समीक्षाच्या फाइलीतलं श्री कोण पुसतं?

"दाब, पोरी. आता दाब!" बाधा उतरवायला आलेले भय्याजी ओरडले.

समीक्षाने बटण दाबलं आणि पडद्यावरची पहिली ओळ गेली. खोडली नाही, पुसटही झाली नाही, सरळ गेली. खालच्या ओळी वर सरकल्या आणि देवाचं नाव होतं तिथे दुसरंच काहीतरी येऊन बसलं. खिडकीच्या गजांना लोंबकळलेल्या पंधरा-वीस जणांच्या तोंडून एकदम "अगं माय वो!" निघालं. मागच्यांना काही दिसलं नव्हतं, म्हणून ते पुढच्यांपेक्षा मोठ्याने ओरडले.

पोलाद कारखान्याच्या वस्तीतली, कॅम्प-1 मधली आमची गल्ली, आणि दिवस हरेलीचा. आपण मराठी माणसं ज्या अवसेला दिवे पुजतो, त्याच अवसेला इकडे छत्तीसगडात हरेली. दारोदार कडुलिंबाची डहाळी खोचलेली, कारण या दिवशी टोनही, म्हणजे चेटकीण, मोकाट सुटते अशी समजूत. दुपारचे चार वाजले होते. आभाळ भरून आलं होतं आणि कृष्णरावांच्या दोन खोल्यांच्या घरात नि घराबाहेर मिळून शंभरेक माणूस जमलं होतं.

मी चिंधू. कृष्णरावांचा शेजारी. एकतीस वर्षं प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये यंत्रांच्या खराब्या शोधल्या, आता घरी बसून लोकांच्या डोक्यातल्या शोधतो आणि शिव्या खातो. माझ्या आधीची दोन भावंडं दगावली, म्हणून मला नजर लागू नये यासाठी आईबापानं हे फाटकं नाव ठेवलं. या नावाने मला वाचवलं असेल, तर त्या दोघांना त्यांच्या चांगल्या नावांनी मारलं म्हणायचं. हे गणित मला शाळेत असल्यापासून पटलेलं नाही.

पण खोटं कशाला बोलू? ती ओळ जाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आणि माझ्याही अंगावर काटा आला. साठी उलटलेला, देव-भूत काही न मानणारा मी, पण त्या क्षणी मनात आलं, चिंधू, खरंच काही असलं तर?

आता मुळापासून सांगतो.

कृष्णराव मूळचे भंडाऱ्याकडचे, त्याच प्लांटच्या कोक ओव्हन भट्ट्यांवरून रिटायर झालेले. माणूस भला, पण एका बाबतीत हट्टी. कागदावर पहिलं अक्षर पडायचं ते श्री. ड्यूटीच्या लॉगबुकात श्री, किराण्याच्या यादीवर श्री, एकदा तर रजेच्या अर्जावर श्री लिहून साहेबाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. त्यांची पोरगी समीक्षा कॉम्प्युटर शिकली आणि दोन महिन्यांपूर्वी तिला एका कंपनीत घरूनच काम करायची नोकरी लागली. काम पायथनमध्ये प्रोग्राम लिहायचं. पहिल्याच दिवशी बाप मागे येऊन उभा राहिला.

"श्री लिहिला का?"

"बाबूजी, हा काही वहीचा कागद नाही. मशीन वाचते हे."

"मशीनले देव चालत नाही का?"

पोरगी बापाच्या शब्दाबाहेर नाही. तिने युक्ती काढली. पायथनच्या फाइलीत वरती लिहावं लागतं की मला अमुक अमुक सामान आणून दे. इम्पोर्ट म्हणतात त्याला. तर तिने श्री नावाची एक रिकामी फाइल बनवून ठेवली आणि आपल्या प्रत्येक फाइलीत पहिली ओळ लिहिली, इम्पोर्ट श्री. बाकी सगळं इंग्रजी आणि एवढंच अक्षर देवनागरी. मशीनने काही तक्रार केली नाही, कृष्णराव खूश, घरात शांतता.

गेल्या मंगळवारी आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या अन्नपूर्णाबाई वाटीभर अंबाडीची भाजी घेऊन त्यांच्याकडे गेल्या. बाई सत्तरीच्या, विधवा, एकट्या. गल्लीतल्या अर्ध्या पोरांना त्यांनीच तेल लावून न्हाऊ घातलेलं. समीक्षाही त्यांच्याच पायांवर आडवी झालेली. लॅपटॉपवर वाकून त्या म्हणाल्या, "हे श्री होय ना वो? मले एवढंच वाचता येते." आणि कौतुकाने त्यांनी त्या अक्षरावर बोट ठेवलं.

समीक्षाने हसत फाइल सेव्ह केली. बोटाखालचं श्री गेलं.

तिने पुन्हा लिहिलं, पुन्हा सेव्ह केलं, पुन्हा गेलं. दुसऱ्या फाइलीत गेलं, तिसरीत गेलं. रात्रीपर्यंत कृष्णरावांना ताप भरला आणि बुधवारी सकाळी सुपेल्याहून भय्याजी आले.

हे भय्याजी म्हणजे एक नग आहे. सुपेला मार्केटात त्यांचं मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. पाटीच्या एका बाजूला 'स्क्रीन गार्ड लावून मिळेल' आणि दुसऱ्या बाजूला 'नजर, बाधा, वास्तुदोष'. कपाळावर हा एवढा टिळा, गळ्यात रुद्राक्ष आणि त्याच गळ्यात ब्लूटूथचा पट्टा.

"देखो काकाजी," लॅपटॉपभोवती उदबत्ती फिरवत ते म्हणाले होते, "पहले जमाने में चेटूक लिंबात बसत होतं. आता जमाना अपडेट झाला. आता बाधा प्रोसेसरमध्ये बसते. निगेटिव एनर्जी वाय-फायनं येते, अँटिव्हायरसले दिसत नाही. याले मंत्राचाच पासवर्ड लागते."

मग त्यांनी खिशातून लाल धागा बांधलेली, शेंदूर फासलेली पेनड्राइव्ह काढली. समीक्षाची फाइल तीत ठेवायला लावली, तिथूनच उघडून श्री लिहायला लावलं, सेव्ह करायला लावलं. श्री राहिलं! पेनड्राइव्हमध्ये राहतं आणि लॅपटॉपात जातं. याहून मोठा पुरावा गल्लीला नको होता.

"पण हा नुसता उतारा झाला," जाताना ते बोलून गेले. "जड, म्हणजे मूळ, काढल्याबिना बाधा नाही जात. कोणाचं बोट लागलं होतं, आठवा."

आठवायला कशाला लागतं? संध्याकाळपर्यंत अन्नपूर्णाबाईंचा दूधवाला त्यांच्या दारावरून न थांबता जाऊ लागला. गुरुवारी नळावर कोणी त्यांच्यामागे उभं राहिना. शुक्रवारी एकीने आपलं पोर त्यांच्या सावलीतून ओढून घेतलं. त्या पोरालाही बाईंनीच न्हाऊ घातलं होतं. शनिवारी त्या आमच्याकडे येऊन माझ्या बायकोपाशी, जयापाशी, बसून राहिल्या. चहाही तसाच ठेवला. आणि रविवारी हरेलीला भय्याजींनी निकाल सांगितला, बाईंचं मुंडण करून त्यांना बस्तीच्या बाहेर काढा.

म्हणून हे शंभर माणूस. म्हणून ओट्यावर अन्नपूर्णाबाई गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या, जया त्यांचा हात धरून, आणि दोन पावलांवर सलूनवाला गुलाब केस कापायचं मशीन घेऊन उभा. त्याला जायचं होतं, पण तो जात नव्हता. गेला असता तर उद्या त्याच्या दुकानाची पाळी.

"आता तं सर्वायनं पाहिलं ना?" भय्याजींनी हात वर केले. "देवाचं नाव सहन नाही होत. पुसून टाकते. आज अमावस आहे, आजच करा, नाही तर गल्लीतल्या एकेका घरात—"

पुढचं ते बोललेच नाहीत. भ्यालेल्या माणसासमोर वाक्य अर्धं सोडलं की बाकीचं तो स्वतःच पुरं करतो, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

मी पुढे झालो. टोनही म्हणून कोणाला छळणं छत्तीसगडात गुन्हा आहे, हे मला माहीत होतं. जयाने पोलिसांना फोनही केला होता. पण पोलीस यायला वेळ लागतो आणि मशीन फिरायला लागत नाही.

"थांबा," मी म्हणालो. "मी एकतीस वर्षं प्लांटात खराबी शोधली. आमचा एक कायदा होता. खराबी शोधायची तं एका टाइमाले एकच वस्तू बदलायची. तुमी पेनड्राइव्ह बदलली, फाइलची जागा बदलली, मंत्र मारला, शेंदूर लावला. आता त्यातलं काम कोणी केलं, हे कसं समजन?"

"काकाजी, हे मशीन नोहे. हे अदृश्य आहे."

"तुमाले तं दिसून राहिलं ना? मग अदृश्य कसं?"

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मी घरातून माझ्या रेडिओला लावायची पेनड्राइव्ह आणली. तिला धागा नाही, शेंदूर नाही, आत जुनी भजनं आणि नातवाच्या बारशाचे फोटो. समीक्षाला म्हणालो, "हिच्यात ठेव तुझी फाइल आन् लिही."

तिने लिहिलं. सेव्ह केलं. श्री जागचं हललं नाही.

"मी उभा आहो ना इथं!" भय्याजी चटकन म्हणाले. "माझा प्रभाव आहे तो."

"मग आताच तुमच्यासमोर लॅपटॉपातलं कसं काय गेलं? तवा प्रभाव चहा प्यायले गेल्ता का?"

या वेळी दहा-पंधरा जण हसले. मला जरा धीर आला. मनात एक प्रश्न मघापासून टोचत होता, तो आता विचारला. "समीक्षा, आता लॅपटॉपात श्रीच्या जागी भूत लिही."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. कृष्णराव खाटेवरून ओरडले, "चिंधू, वेडा झाला का? आजच्या दिवशी त्याचं नाव घेते का कोणी?"

"देवाचं नाव सहन होत नाही म्हणते ना? मग त्याचं स्वतःचं तं गोड लागन. लिही, बेटा."

इम्पोर्ट भूत. तिने डोळे मिटून बटण दाबलं. भूत गेलं.

"आता भय्याजी लिही."

भय्याजीही गेले. श्री गेलं तसेच, एका फटक्यात, मागे डागही नाही.

मला वाटलं, जिंकलो. पण घाबरलेला माणूस असा ऐकत नसतो. मागून एक आवाज आला, "भूत पुसलं म्हणजे भूत लपून बसलं!" दुसरा म्हणाला, "भय्याजीचं नाव गिळलं, आता आपली पाळी!" आणि गर्दी मागे सरकायच्या ऐवजी ओट्याकडे सरकली. कोणाचा तरी हात अन्नपूर्णाबाईंच्या अंबाड्यावर पडला. जया किंचाळली. कोणी गुलाबला पुढे ढकललं आणि त्याच्या हातातलं मशीन घुर्र करून सुरू झालं. बाईंनी दोन्ही हातांनी डोकं झाकलं. मी गर्दीत घुसायला पाहत होतो आणि मला कोणी घुसू देत नव्हतं. इतकी भीती मला फर्नेसच्या तोंडाशीही कधी वाटली नाही.

"मी पुसत होती!"

समीक्षा खुर्चीवर उभी राहिली होती. आवाज फाटलेला.

"सोडा आजीले! बाबूजी, मी पुसत होती श्री. दोन महिने झाले. रोज शामले, कंपनीत फाइल पाठवायच्या आधी, माह्या हातानं. तिकडे कोणी हसू नये म्हणून. सकाळी तुमच्यासाठी लिहीत होती आन् शामले पुसत होती."

सगळे थबकले. कृष्णराव खाटेवर उठून बसले. पोरीकडे असं पाहत राहिले की मलाच खाली पाहावंसं वाटलं.

"आता कोण पुसून राहिलं, हे मले नाही माहीत," ती रडत म्हणाली. "मी विचारलंच नाही कोणाले. विचारलं असतं तं हे श्री काय आहे, असं साहेब विचारतील, नोकरी कच्ची आहे, म्हणून चूप राहिली. आता विचारते."

तिने फोन लावला आणि आवाज मोठा केला. तिकडे तिचा वरिष्ठ अंकुर. रविवारची झोप मोडलेला आवाज, पण माणूस सभ्य वाटला. पोर रायपूरचं, घरी मराठीच. तिने हुंदके देत सगळं सांगितलं.

"समीक्षा, सोमवारी रात्री मी ग्रुपवर टाकलं होतं ना? वाचलं नाहीस?"

"लंबा मेसेज होता, सर. मंगळवारी सकाळी फक्त अपडेट घेतलं."

"त्यातच आहे ते. आपल्या प्रोजेक्टच्या फोल्डरला आपण सफाईचा प्रोग्राम लावला. फाइल सेव्ह केली की तो झाडू मारतो. मोकळ्या जागा नीट करतो, ओळी रांगेत लावतो. आणि वरती जे सामान मागवलं पण खाली कुठेच वापरलं नाही, ते काढून टाकतो. तुझं श्री मागवलेलं आहे, पण खाली वापरलेलं कुठे आहे?"

"नाही, सर."

"मग तो काढणारच. त्याला देव कळत नाही आणि दैत्यही कळत नाही. खाली एका ओळीत वापर, मग बघ. आणि हे फक्त त्या फोल्डरात होतं. फाइल बाहेर ठेवली, दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवली, की तिथे तो झाडूवाला नाहीच."

समीक्षाने पुन्हा पहिली ओळ लिहिली, इम्पोर्ट श्री. सगळ्यात खाली आणखी एक ओळ लिहिली, की श्री छापून दाखव. खिडकीतली माणसं श्वास रोखून होती. भय्याजी माझ्या बाजूलाच उभे होते. त्यांच्या कपाळावरचा टिळा घामाने भुवईपर्यंत उतरला होता.

तिने बटण दाबलं. श्री राहिलं. तिने खालची ओळ काढली, दाबलं, श्री गेलं. परत लिहिली, राहिलं. मग मीच तिला बाजूला करून बसलो आणि माझ्या जाड बोटांनी चार वेळा करून पाहिलं. मग खिडकीतल्या एका बाईला आत बोलावलं, तिनेही केलं. ती बाई बटणावरचं बोट उचलून म्हणाली, "हात्तिच्या! एवढंच?"

हो बाई, एवढंच.

"भय्याजी," समीक्षा डोळे पुसत वळली, "तुमी कॉम्प्युटरवाले. त्या दिवशी तुमी मले फाइल फोल्डरच्या बाहेर काढून तुमच्या पेनड्राइव्हवरूनच उघडायले सांगितलं. त्याच्या आधी दहा मिनिटं एकटे बसून सेटिंगा पाहत होते, उदबत्ती तं मागून लावली. तुमाले समजलं होतं ना?"

"अरे, वो तो... हर एनर्जी का एक फोल्डर होता है," भय्याजी पुटपुटले. एरवी मराठीची खिचडी करणारा माणूस घाबरला की निव्वळ हिंदीवर येतो, हे मला त्या दिवशी कळलं. खिशातला फोन उगाच कानाला लावून "हां, हां, आवाज कट रहा है" करत ते दाराबाहेर गेले. लाल धाग्याची पेनड्राइव्ह टेबलावरच राहिली. कोपऱ्यावर पोलिसांची गाडी वळलीच होती. पुढचं काय ते पोलिसांनी तिथे त्यांनाच विचारलं.

गुलाबने मशीन बंद केलं आणि ते शर्टाआड लपवलं. गर्दी पातळ व्हायला लागली. ज्यांच्या तोंडी सगळ्यात मोठा आवाज होता ते सगळ्यात आधी गेले. कृष्णराव भिंतीला धरत बाहेर ओट्यावर आले आणि अन्नपूर्णाबाईंच्या पायांशी वाकले.

"माफी द्या, अन्नपूर्णाबाई. आमची अक्कल मारल्या गेल्ती. आता समजलं ना, मशीनचं काम होतं. तुमच्यावरचा डाग गेला."

बाईंनी पाय मागे घेतले. सुटलेले केस एका हाताने धरून त्या कृष्णरावांकडे, मग माझ्याकडे, मग गल्लीत उरलेल्या वीस-पंचवीस जणांकडे पाहत राहिल्या. सकाळपासून पहिल्यांदा बोलल्या. आवाज बारीक होता, पण ऐकू सगळ्यांना आला.

"आन् त्या पोराचा फोन लागला नसता तं?"

माझे सगळे प्रयोग, माझी एकतीस वर्षांची हुशारी, आणि मला ठाऊक होतं की फोन लागला नसता तर ते मशीन त्यांच्या डोक्यावर फिरलंच असतं.

"कारण सापडलं म्हणून मी माणूस," बाई म्हणाल्या. "नसतं सापडलं तं टोनही. असंच ना, किसनराव?"

जयाने त्यांना उठवलं आणि आमच्या घरी नेलं.

वाचक हो, या गोष्टीतली करामत काय होती ते तुम्हाला कळलं. जे मागवलं पण वापरलं नाही ते झाडून टाकणारा एक बिनडोक प्रोग्राम. उद्या दुसरं काहीतरी होईल. दिवा आपोआप लागेल, विहिरीचं पाणी तांबडं होईल, पोर अचानक आजारी पडेल, आणि त्याचं कारण सांगणारा अंकुर फोनवर नसेल. कारण शोधा, चार जणांना विचारा, लाज सोडून विचारा, एका वेळी एकच वस्तू बदलून पाहा. तरीही सापडलं नाही, तर "आम्हाला माहीत नाही" असं म्हणा आणि तिथेच थांबा. त्यात काही कमीपणा नाही. न समजलेली गोष्ट ही फक्त न समजलेली गोष्ट असते. तिच्यासाठी कोणत्याही बाईच्या केसांना हात लावायचा अधिकार कोणाला नाही.

अन्नपूर्णाबाई अजून आमच्याकडेच आहेत. घरी जा म्हटलं तर म्हणतात, जाईन ना, घाई काय आहे. संध्याकाळी दार वाजलं की मात्र त्या आधी हात डोक्यावर नेतात.